मेक्सिकन घराण्याची मूलनिवासी आणि स्पॅनिश मुळे शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या सुनेचे माहेर मेक्सिकोतील साकातेकास राज्याच्या दक्षिण टोकाला, नोचिस्त्लानच्या आसपासच्या खेड्यांतले आहे. पहिले नातवंड झाले तेव्हा आमच्याकडची वंशावळ सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ होती आणि विहीणबाईंकडची मात्र त्यांच्या आजीपाशी येऊन थांबत होती. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून तो शोध हाती घेतला. परदेशातल्या ज्या मराठी घरांत मेक्सिकन सून किंवा जावई आहे, तिथून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एक खुलासा आधीच करते. जुन्या नोंदींत तिथल्या मूलनिवासींसाठी ‘इंदिओ’ आणि स्त्रीसाठी ‘इंदिया’ हा शब्द येतो. नोंद उतरवून घेताना तो जसाच्या तसा ठेवावा लागतो. व्याह्यांशी बोलताना मात्र तो वापरू नये, कारण आज तो शिवीसारखा लागतो. बोलण्यात ‘इंदिहेना’ म्हणावे.

सुरुवात कुठून करावी?

घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून, आणि शक्यतो याच आठवड्यात. संगणकावर नाव टाकून शोधण्याची घाई करू नये, कारण होसे, हुआन आणि मारिया या नावांची माणसे प्रत्येक गावात शेकड्यांनी सापडतात. आपल्याला हवे असते ते गाव, आणि गावाहूनही नेमके म्हणजे बाप्तिस्मा झालेले चर्च. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला विहीणबाई ‘साकातेकासचे’ एवढेच उत्तर देत असत. ‘तुमच्या आजीला बाप्तिस्म्यासाठी कुठल्या चर्चमध्ये नेले होते?’ असे विचारल्यावर त्यांना चर्चसमोरचा चौक आठवला, आणि ते चर्च शेजारच्या हालिस्को राज्यात निघाले. त्यांचे रांचो, म्हणजे शेतावरची वस्ती, राज्याच्या सीमेलगत होते आणि घरच्यांना पलीकडचे चर्च जवळ पडत होते. तोवर आम्ही चार महिने चुकीच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, वह्या चाळत होतो.

कुटुंब अमेरिकेत स्थायिक झालेले असेल तर तिकडची कागदपत्रेही पाहावीत. सीमा ओलांडताना झालेली नोंद, नागरिकत्वाचा अर्ज, १९४२ ते १९६४ या काळातल्या ब्रासेरो योजनेखाली शेतमजुरीसाठी गेलेल्या आजोबांचे करारपत्र, यांत जन्मगाव लिहिलेले असण्याची शक्यता बरीच असते.

सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदी किती मागे जातात?

राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या सरकारने २८ जुलै १८५९ रोजी नागरी नोंदणीचा कायदा केला. तेव्हा देशात यादवी चालू होती आणि पाठोपाठ फ्रेंच आक्रमण आले, त्यामुळे बहुतेक गावांत ही नोंदणी प्रत्यक्षात १८६७ नंतरच रुळली. मात्र जिथे नोंद आहे तिथे ती अतिशय भरगच्च असते. जन्मनोंदीत बाळाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिण्याची पद्धत होती, म्हणजे एका पानावर तीन पिढ्या हाती येतात. काही गावांतल्या कारकुनांनी सुरुवातीच्या वर्षांत आईवडिलांचा वंशही टिपला आहे.

दोन खिंडारांची कल्पना असू द्यावी. १९१० ते १९२० च्या क्रांतीत अनेक नगरपालिकांची दप्तरे जळाली. दुसरे खिंडार धार्मिक नोंदींतले आहे. ३१ जुलै १९२६ पासून चर्चमधली सार्वजनिक उपासना थांबली आणि क्रिस्तेरो युद्ध, म्हणजे सरकारविरुद्ध कॅथलिकांचा उठाव, पेटले, ते १९२९ पर्यंत चालले. हालिस्को आणि दक्षिण साकातेकास हा त्या युद्धाचा गाभाच होता. या काळात बाप्तिस्मे लपूनछपून घरांत होत आणि कित्येकांची नोंद नंतर सावकाश झाली. म्हणून या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसासाठी आधी सरकारी वही पाहावी आणि धर्मग्रामाची वही पुढच्या चार-पाच वर्षांपर्यंत चाळावी.

त्याआधीचे काय?

त्याआधी सगळा भार धर्मग्रामांच्या वह्यांवर आहे, आणि त्या बाबतीत मेक्सिको खरोखर भाग्यवान आहे. राजधानीतल्या कॅथेड्रलच्या साग्रारिओ या धर्मग्रामातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३६ पासूनच्या आहेत. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची आणि बाप्तिस्म्याची वही ठेवणे सर्व धर्मगुरूंना बंधनकारक केले. खेड्यांतल्या वह्या बहुधा सतराव्या शतकापासून सलग मिळतात.

नोंद कशी दिसते ते सांगते. आमच्याकडच्या एका पानावर डाव्या समासात बाळाचे नाव, त्याखाली ‘मेस्तिसो’ हा शब्द, त्याखाली रांचोचे नाव, अशा तीन ओळी आहेत. मुख्य मजकूर आठ ओळींचा आहे. धर्मगुरू म्हणतात की मी या बाळाला विधिपूर्वक बाप्तिस्मा दिला, पवित्र तेल लावले, बाळ जन्मून तीन दिवस झाले आहेत, ते अमुक आणि तमुक यांचे औरस अपत्य आहे. धर्मपिता आणि धर्ममाता अमुक असून त्यांना त्यांचे कर्तव्य आणि आध्यात्मिक नाते समजावून सांगितले. शेवटी सही. शाई तपकिरी झाली आहे आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात वाळवीने नेमके धर्ममातेचे आडनाव खाल्ले आहे. ‘इहो लेहितिमो’ म्हणजे औरस, ‘इहो नातुराल’ म्हणजे अविवाहित आईवडिलांचे मूल, ‘एस्पोसितो’ म्हणजे कोणाच्या तरी दाराशी ठेवलेले मूल, एवढे तीन शब्द पाठ असले की पहिल्या दिवशी काम सुरू करता येते.

समासातले ‘एस्पान्योल’, ‘मेस्तिसो’, ‘इंदिओ’, ‘कोयोते’ हे शब्द काय सांगतात?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर देते. या शब्दाला त्या काळी ‘कालिदाद’ म्हणत. एस्पान्योल आणि इंदिया यांचे मूल मेस्तिसो, मेस्तिसो आणि एस्पान्योल यांचे कास्तिसो, आफ्रिकी आणि एस्पान्योल यांचे मुलातो. कोयोते आणि लोबो ही नावे तर गावागणिक वेगळ्या मिश्रणाला लावलेली दिसतात. अठराव्या शतकातल्या चित्रकारांनी या मिश्रणांच्या सोळा-सोळा चौकटींच्या मालिका रंगवल्या. मिगेल काब्रेरा यांची १७६३ ची मालिका त्यांत प्रसिद्ध आहे. ती चित्रे पाहून नवखा माणूस समजतो की वसाहतीत प्रत्येकाच्या रक्ताचे मोजमाप होत होते. वह्या वाचल्यावर तसे वाटत नाही. बहुतेक धर्मग्रामांत चार-पाच शब्दांवर काम चाले, आणि तो शब्द धर्मगुरू बाळाचे रूप, आईवडिलांचा पेहराव, बोलली जाणारी भाषा, राहण्याची जागा आणि बरोबर आलेली माणसे पाहून ठरवत.

शिवाय या शब्दाला पैशाचे वजन होते. इंदिओ आणि मुक्त मुलातो यांना राजाला खंड, म्हणजे कर, द्यावा लागे. एस्पान्योल आणि मेस्तिसो यांना तो माफ होता. इंदिओंना चर्चचे शुल्क वेगळ्या दराने पडे, त्यांच्या गावाला सामाईक जमिनीचा हक्क होता, आणि १५७१ मध्ये मेक्सिकोत आलेल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या पाखंडविरोधी न्यायालयाच्या, न्यायकक्षेबाहेर त्यांना ठेवले होते. तेव्हा मेस्तिसो होण्यात फायदा होता तसा इंदिओ राहण्यातही होता, आणि कुटुंबे दोन्ही दिशांना सरकलेली दिसतात.

अनेक धर्मग्रामांत एस्पान्योलांची, कास्तांची म्हणजे मिश्र लोकांची, आणि इंदिओंची वही स्वतंत्र असे. एखादा पूर्वज एका वहीत सापडला नाही तर दुसऱ्या दोन वह्या पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ असे लिहू नये. स्वातंत्र्यानंतर १७ सप्टेंबर १८२२ च्या हुकुमाने सरकारी आणि चर्चच्या नोंदींत नागरिकांचे असे वर्गीकरण करण्यास मनाई झाली. काही धर्मगुरूंनी जुनी सवय आणखी काही वर्षे सोडली नाही, तरी साधारणपणे १८२२ नंतरच्या नोंदींतून पूर्वज मूलनिवासी होता की नाही हे कळत नाही. म्हणजे १८२२ च्या अलीकडे आपण फक्त माणसे जोडत जातो, आणि साखळी त्या वर्षापलीकडे पोचल्यावरच हा प्रश्न नोंदींना विचारता येतो.

‘कास्ता’ म्हणजे आपल्याकडची जातच ना?

शब्दाचे नाते खरे आहे. पोर्तुगिजांनी गोव्यात आणि किनाऱ्यावर जो समाज पाहिला त्याला त्यांनी आपल्या भाषेतला ‘कास्ता’ हाच शब्द लावला आणि तिथून तो युरोपभर गेला. पण अर्थ ताणू नये. मेक्सिकोतल्या कास्तेला रोटीबेटीचे बंधन नव्हते, पिढीजात धंदा नव्हता, आणि ती एका आयुष्यात बदलू शके. आमच्या सुनेचे एक पूर्वज १७६८ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी मेस्तिसो आहेत, १७९१ मध्ये लग्नात एस्पान्योल आहेत आणि १८३३ मध्ये दफनाच्या नोंदीत नुसतेच ‘विधुर’ आहेत. त्यांची पत्नी स्वतःच्या बाप्तिस्म्यात इंदिया आणि धाकट्या मुलाच्या बाप्तिस्म्यात मेस्तिसा आहे. तिन्ही ठिकाणी माणूस एकच आहे हे आम्ही आईवडील, रांचो आणि धर्मपित्यांच्या नावांवरून पक्के केले. कालिदाद जुळत नाही एवढ्या कारणाने नोंद बाजूला टाकू नये आणि केवळ ती जुळते म्हणून स्वीकारूही नये.

आडनावे पिढीगणिक बदलतात, ते कसे?

वडिलांचे आणि मग आईचे अशी दोन आडनावे लावण्याची आजची पद्धत नागरी नोंदणीबरोबर पक्की झाली. अठराव्या शतकात सख्ख्या भावंडांची आडनावे वेगळी असू शकत. मुलगी आजीचे आडनाव घेई, मुलगा एखाद्या जमीनदार मामाचे. जोडनावांनीही फसगत होते. फेलिपे दे हेसुस हे नाव वाचून वडिलांचे नाव हेसुस असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते १५९७ मध्ये नागासाकीला हौतात्म्य पत्करलेल्या मेक्सिकन संताचे नाव आहे, आणि ५ फेब्रुवारी या त्याच्या सणाच्या आसपास जन्मलेल्या मुलांना ते ठेवत. त्याच दिवशी त्याच्याबरोबर क्रुसावर चढलेल्या सव्वीस जणांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते, हे विहीणबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी वसई नकाशावर दाखवायला सांगितली.

मूलनिवासी पूर्वजांना आडनावच नसेल तर शोध पुढे कसा न्यायचा?

येथे बहुतेक जण थांबतात, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. स्पॅनिश बाजूला आडनाव असते, मृत्युपत्र असते, जमिनीचे खत असते, म्हणून ती शाखा सोळाव्या शतकापर्यंत सरसर जाते. मूलनिवासी बाजू ‘मारिया मागदालेना, इंदिया’ एवढ्यावर सोडून दिली जाते. मग वंशावळीत एका बाजूला दाट झाडी आणि दुसऱ्या बाजूला ओसाड माळ दिसतो. तो माळ शोधणाऱ्याने केलेला असतो.

मध्य आणि पश्चिम मेक्सिकोत इंदिओंची बाप्तिस्म्याची दोनच नावे असत: हुआन दिएगो, पेद्रो मार्तिन, मारिया पेत्रोना, हुआना मारिया. दुसरे नाव पुढच्या पिढीकडे जाईलच असे नाही. ‘दे ला क्रूस’, ‘दे लोस सांतोस’, ‘देल्गादो’ किंवा ‘एर्नान्देस’ अशी आडनावे हळूहळू चिकटली. म्हणून येथे नावाऐवजी जागा आणि नाती धरून चालावे लागते. मी एक साधी पद्धत वापरते. एका लहान मूलनिवासी गावाच्या किंवा बारिओच्या, म्हणजे वाड्याच्या, तीस वर्षांतल्या सगळ्या नोंदी वहीत उतरवून घ्यायच्या, आपल्या पूर्वजांच्या आणि इतरांच्याही. मग जोडप्याप्रमाणे गट करायचे. हुआन दिएगो दहा असतील, पण मारिया पेत्रोनाशी लग्न झालेला, अमुक वाड्यात राहणारा, ज्याच्या तीन मुलांचे धर्मपिता एकच आहेत असा हुआन दिएगो एकच निघतो. हे काम संथ आहे. एका उन्हाळ्यात मी दोन वेगळ्या मारिया पेत्रोना एक समजले आणि तीन पिढ्यांची चुकीची शाखा जोडली. दुसऱ्या मारियाच्या दफनाची नोंद सापडली तेव्हा ती शाखा तोडावी लागली.

‘इंदिओ लाबोरिओ’ हा शब्द दिसला तर तो जपून टिपावा. जो आपले गाव सोडून हासिएंदावर, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या शेतीवर, किंवा खाणीच्या आसपास राबायला आला होता, त्याला असे लिहीत. त्याचा गावाशी संबंध तुटलेला असे, दोन-तीन पिढ्यांत आडनाव येई आणि नातवंडे मेस्तिसोंच्या वहीत जात. वह्यांमधला पूल बहुधा याच माणसांवरून जातो. उलट ‘कासिके’ किंवा नावाआधी ‘दोन’, ‘दोन्या’ असेल तर ते मूलनिवासी सरदार घराणे असू शकते, आणि अशांचे दावे, मृत्युपत्रे आणि वारशाचे खटले राष्ट्रीय अभिलेखागारात सापडण्याची आशा असते.

युकातानमध्ये मात्र चित्र वेगळे आहे. तिथल्या माया लोकांनी आपली कुळनावे टिकवली. पेच, चान, कानुल, कोकोम, शिउ, त्सुल ही नावे सोळाव्या शतकातल्या कागदांत आहेत तशीच आजच्या मतदारयादीतही आहेत.

आमचे पूर्वज आस्तेक (अ‍ॅझटेक) होते असे घरात सांगतात. खरे असेल का?

बहुतेक वेळा नसते. २०२० च्या जनगणनेत मूलनिवासी भाषा बोलणारे ७३ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले आणि सरकारी सूचीत अशा भाषांचे ६८ समूह आहेत. आस्तेकांची नावात्ल ही त्यांतली एक, सर्वाधिक बोलली जाणारी. नोचिस्त्लानचा प्रदेश कास्कान लोकांचा होता. १५४० मध्ये त्यांनी मिक्स्तोनच्या डोंगरांत उठाव केला. पेद्रो दे आल्वारादो हा नामांकित स्पॅनिश सेनानी १५४१ मध्ये नोचिस्त्लानहून माघार घेताना घोड्याखाली चिरडला आणि काही दिवसांनी मेला. शेवटी व्हाइसरॉय मेंदोसा हजारो मूलनिवासी मित्रसैनिक घेऊन स्वतः आला, तेव्हा १५४२ मध्ये उठाव मोडला. कास्कानांचा प्रमुख तेनामास्त्ले याला स्पेनला पाठवले गेले आणि तिथे वायादोलिदमध्ये १५५५ मध्ये त्याने मूलनिवासींचे कैवारी धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांच्या साहाय्याने आपल्या लोकांची बाजू राजाच्या परिषदेपुढे मांडली. माझ्या नातवाला या माणसाचे नाव ठाऊक असावे असे मला वाटते, मग नाते कागदावर सिद्ध होवो वा न होवो.

मात्र कास्कान प्रदेशातला प्रत्येक ‘इंदिओ’ कास्कान होता असेही धरता येत नाही. १५९१ मध्ये मध्य मेक्सिकोतल्या त्लास्कालाची चारशे मूलनिवासी कुटुंबे उत्तरेला वसवण्यात आली. साल्तियोजवळचे सान एस्तेबान दे ला नुएवा त्लास्काला आणि हालिस्कोच्या उत्तरेचे कोलोत्लान या त्यांतल्या वसाहती. खंडमाफी, घोड्यावर बसण्याचा आणि ‘दोन’ म्हणवून घेण्याचा हक्क असे विशेषाधिकार त्यांना दिले होते, म्हणून त्यांनी आपली ओळख कागदोपत्री जपली. नोंदीत जमातीचे नाव क्वचितच असते. गाव आणि वाडा हाच पुरावा, आणि त्या वाड्यात कोण वसले होते हे स्थानिक इतिहासातून काढावे लागते.

‘एस्पान्योल’ लिहिले आहे, म्हणजे पूर्वज स्पेनहून आले ना?

नाही. अठराव्या शतकातल्या एस्पान्योलाचे आजोबा-पणजोबाही मेक्सिकोतच जन्मलेले असतात, आणि त्यांच्यात मूलनिवासी आज्या असण्याची शक्यता दाट असते. कास्तिसो आणि एस्पान्योल यांचे मूल पुन्हा एस्पान्योल मानण्याचा रिवाजच होता. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाबद्दल विवाहनोंदीत ‘कास्तियाच्या राज्यांतला रहिवासी’, म्हणजे स्पेनचा, असा उल्लेख आणि बहुधा गावाचे नाव येते. ते गाव मिळाल्याशिवाय स्पेनमधला शोध सुरू करू नये. मिळाले तर सेव्हिलचे १७८५ मध्ये स्थापन झालेले इंडीज अभिलेखागार पाहावे. १५०३ मध्ये स्थापन झालेल्या व्यापारगृहाने प्रवाशांना दिलेल्या परवान्यांच्या नोंदी तिथे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ‘पारेस’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. खलाशी, सैनिक आणि विनापरवाना आलेले लोक त्यांत नसतात.

बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदींखेरीज सर्वांत उपयोगी कागद कोणता?

विवाहपूर्व चौकशीचा. लग्नाआधी वर आणि वधू दोघांची साक्ष, साक्षीदार, वय, जन्मगाव आणि सध्याचे गाव लिहून घेत, आणि विवाहनोंदीत नसलेली माहिती येथे सापडते. वधूवर नात्यातले असतील तर चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे समान खापरपणजोबांपर्यंत, बिशपची सवलत लागे, आणि त्या अर्जासोबत दोघांचा समान पूर्वजापर्यंतचा वंशवृक्ष जोडावा लागे. हालिस्कोच्या उंच पठारावरच्या जमीनदार घराण्यांत नात्यातली लग्ने इतकी झाली की अशा अर्जांतले वंशवृक्ष एकमेकांना जोडून आपण कधी कधी दीडशे वर्षे मागे जातो. ‘गाव लहान आहे, समान दर्जाचे दुसरे स्थळ नाही’ हे कारण त्यांत वारंवार येते.

येथेही मूलनिवासी बाजूला तो कागद का नसतो हे समजून घ्यावे. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये इंदिओंना तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या नात्यात सवलतीवाचून लग्न करण्याची मुभा दिली. त्यामुळे त्यांना अर्ज करावा लागला नाही आणि वंशवृक्षही काढावा लागला नाही. त्याऐवजी खंडदात्यांच्या याद्या, जमिनीचे खटले, आणि ६ जानेवारी १९१५ च्या कायद्यानंतर सामाईक जमीन परत मागताना गावांनी दाखल केलेली जुनी वतनपत्रे पाहावीत. ती वतनपत्रे आता राष्ट्रीय कृषी नोंदणी विभागाच्या दप्तरात आहेत.

डीएनए चाचणी करावी का?

करावी, पण कागद वाचायला लागल्यानंतर. टक्केवारीचा नकाशा आकर्षक असतो, तरी तो कोणाचेही नाव सांगत नाही. सात पिढ्यांमागे आपले १२८ पूर्वज असतात. त्यांतल्या एकाचा सरासरी वाटा एक टक्क्याहून कमी, आणि वारशाच्या वाटणीत काहींचा वाटा अजिबात उतरत नाही. म्हणून चाचणीत न दिसलेला पूर्वज खोटा ठरत नाही. आईकडून आईकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल धागा मात्र मेक्सिकोत फार बोलका असतो. तो बहुतांश लोकांत ए, बी, सी किंवा डी या अमेरिकी मूलनिवासी गटांतला निघतो, तर वडिलांकडचा धागा पुष्कळदा युरोपीय असतो. स्पॅनिश विजयाच्या काळात कोणत्या बाजूचे पुरुष आणि कोणत्या बाजूच्या स्त्रिया एकत्र आल्या, आणि कोणत्या परिस्थितीत, याची ती खूण आहे. विहीणबाईंचा धागा सी गटाचा निघाला. त्यांच्या घरात ‘आम्ही शुद्ध स्पॅनिश’ असे तीन पिढ्या सांगत होते.

चाचणी जमात सांगते या जाहिरातीवर विसंबू नये. मेक्सिकोतले मूलनिवासी समूह परस्परांपासून जनुकीयदृष्ट्या फार दूर आहेत, सेरी आणि लाकान्दोन यांच्यातले अंतर युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांमधल्या अंतराइतके आहे, असे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. पण कंपन्यांच्या संदर्भसंचात प्रत्येक समूहाचे पुरेसे नमुने नसतात. तसेच नात्यातली लग्ने झालेल्या प्रदेशात दूरचे भाऊबंद जवळचे भासतात, हे जुळण्या पाहताना लक्षात ठेवावे.

नोंदीत ‘मुलातो’ किंवा ‘चीनो’ आढळले. याचा अर्थ काय लावायचा?

मुलातो आढळणे अगदी सामान्य आहे. साकातेकासच्या खाणींत आणि भोवतालच्या हासिएंदांवर आफ्रिकी गुलाम होते. त्यांचे वंशज मिश्र लोकसंख्येत मिसळले. मेक्सिकन घराण्यात दोन मुळे शोधायला निघालेल्या माणसाने तिसरे गृहीतच धरावे.

‘चीनो’ हा शब्द दोन काळांत दोन अर्थांनी येतो. अठराव्या शतकात तो बहुधा आफ्रिकी आणि मूलनिवासी मिश्रणासाठी वापरलेला दिसतो. सोळाव्या-सतराव्या शतकात मात्र १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या मनिलाच्या गलबतांतून आकापुल्कोला उतरलेल्या कोणाही आशियाई माणसाला चीनो म्हणत, आणि त्यांत हिंदुस्थानातून पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी मनिलात विकलेले गुलामही होते. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली असताना गोवा, कोची आणि मनिला यांच्यातला हा व्यापार वाढला. प्वेब्लात १६८८ मध्ये निधन पावलेली कातारिना दे सान हुआन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध; तिचा जन्म मोगल मुलखातला असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे आणि तिला कोचीमार्गे नेले गेले. १६७२ मध्ये चीनो गुलामांच्या मुक्ततेचा राजहुकूम निघाला, आणि पुढे त्यांची संतती ‘इंदिओ’ या शब्दात विरघळली. मराठी घरांनी यावरून लगेच नाते जोडू नये, पण अशी नोंद सापडली तर तिचे छायाचित्र नीट जपून ठेवावे.

घरबसल्या किती काम होते आणि खर्च किती?

बहुतांश काम होते. धर्मग्रामांच्या आणि नागरी नोंदींचे चित्रीकरण फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खाते उघडून पाहता येते. अनुक्रमणिका अपुरी आणि चुकांनी भरलेली असते, म्हणून नाव शोधण्यावर थांबू नये; वहीची चित्रे पान न् पान चाळावीत. २०२४ पासून तिथे मेक्सिकोच्या नोटरींच्या हस्तलिखित दस्तांत संगणकाच्या साहाय्याने मजकूर शोधण्याची सोय झाली आहे, तिचा मला खूप उपयोग झाला. १९३० च्या जनगणनेची पानेही आहेत. त्या वर्षी वंश विचारला नव्हता, भाषा विचारली होती, आणि कुटुंबात नावात्ल किंवा ओतोमी बोलणारी आजी असेल तर ती तिथे दिसू शकते. राष्ट्रीय अभिलेखागार मेक्सिको शहरात, लेकुम्बेरीच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आहे. तिथली सूची आधी पाहून मगच प्रवासाचा बेत करावा. ठरावीक रकमेत राजघराण्यापर्यंतची वंशावळ देऊ करणाऱ्यांपासून दूर राहावे. आमच्या एका स्नेह्यांना अशी आस्तेक सम्राट मोक्तेसुमाच्या मुलीपर्यंतची वंशावळ विकण्यात आली. तिच्यात १७०० च्या आधीच्या एकाही दुव्याला वहीचे नाव किंवा पानाचा क्रमांक नव्हता.

मूळ सिद्ध झाले तर सुनेला मूलनिवासी म्हणून कायदेशीर दर्जा मिळतो का?

वंशावळीने मिळत नाही. मेक्सिकोच्या संविधानाचे दुसरे कलम मूलनिवासी असल्याची जाणीव हा मुख्य निकष मानते. अमेरिकेतल्या काही जमातींसारखा रक्ताच्या प्रमाणाचा हिशेब तिथे नाही. ज्या गावाशी आज संबंध उरलेला नाही त्या गावाच्या नावाने हक्क सांगणे मला योग्य वाटत नाही. आपण त्या गावाचे वंशज आहोत एवढे म्हणायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

ज्या पूर्वजांचे आईवडील सापडत नाहीत, त्यांना वंशावळीत कसे लिहावे?

जितके कळले तितके सगळे लिहावे आणि चौकट रिकामी ठेवू नये. ‘अज्ञात’ हा शब्द मी वापरत नाही. आमच्या तक्त्यात १७४० च्या सुमाराची एक चौकट अशी आहे: मारिया दे ला क्रूस, इंदिया, गावाचे आणि वाड्याचे नाव, पाच मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा, दोन वेळा दुसऱ्यांच्या मुलांची धर्ममाता, आईवडिलांची नावे विवाहनोंदीत लिहिलेली नाहीत. त्याखाली कोणत्या वह्या पाहून झाल्या आणि कोणत्या राहिल्या हेही पेन्सिलीने लिहिले आहे, म्हणजे पुढे नातवाने हे काम घेतले तर त्याला तीच पाने पुन्हा चाळावी लागणार नाहीत. त्या गावाच्या इंदिओंच्या बाप्तिस्म्याचे दोन खंड अजून वाचायचे आहेत. पहिल्याची अठ्ठावीस पाने विहीणबाईंनी गेल्या रविवारी उतरवून पाठवली आहेत.